कायद्याच्या दारात एक बोलका डबा

मी एक जुना बोलका डबा आहे. कपाटात, सुट्या तारांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आता माझ्यातून आवाज निघत नाही, म्हणून माझी हकिकत तुम्हाला मनातल्या मनातच ऐकावी लागेल.

माझा जन्म एका लहानशा कंपनीत झाला. लहानशी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून शिवणयंत्राची खडखड आणि वर आमची जुळवाजुळव. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. हिशेब आणि बाहेरची धावपळ तिचा धाकटा भाऊ पाही. घशाच्या आजारामुळे ज्यांचा आवाज जाणार आहे, त्यांचा आवाज ऑपरेशनआधी साठवून ठेवायचा आणि नंतर त्यांनी अक्षरं दाबली की त्याच आवाजात बोलायचं, हे माझं काम.

माझ्या वाट्याला आले लिलाववाले काका. भाजीच्या घाऊक बाजारात ते माल पुकारायचे. आवाज असा, की छपरावरची पाखरं उडून जात. ऑपरेशनआधी ते ताईसमोर बसून घसा दुखेपर्यंत बोलले. मध्येच त्यांनी दोन-चार शिव्या हासडल्या.

"काका, शिव्या नकोत," ताई म्हणाली.

"मग भाव कसा वाढायचा?" काकांनी विचारलं. ताईने शिव्याही साठवल्या.

ऑपरेशन झाल्यावर काका मला गळ्यात अडकवून बाजारात उभे राहिले आणि मी पहिल्यांदा पुकारलं, तेव्हा हमालांनी पोती खाली टाकून टाळ्या वाजवल्या. घरी काकू मला रोज रुमालाने पुसत. "बरं झालं," त्या म्हणायच्या, "हे अक्षरं जुळवेपर्यंत माझं भांडून होतं!"

चांगले दिवस चालले होते. पण त्याच सुमारास काही भामट्यांनी लोकांचे आवाज चोरून फोन करायला सुरुवात केली. मुलाच्या आवाजात बापाला, बायकोच्या आवाजात नवऱ्याला. कितीतरी घरं नागवली गेली. लोक चिडले आणि सभागृहात नव्या कायद्याचा मसुदा आला, की कोणत्याही यंत्राने माणसाच्या आवाजाची नक्कल करायची नाही.

भावाने ही बातमी वाचून दाखवली. ताईने तारा जोडायची सोल्डरिंगची सळई खालीही ठेवली नाही. "आपण यंत्रं बनवायची. राजकारणाच्या भानगडीत पडायचं नाही, हे आपलं ठरलंय."

"ताई, कायदा आपल्याला विचारून येणार नाही," भाऊ म्हणाला. "काका मुके होतील. दुसऱ्यांदा."

ताईने सळई खाली ठेवली.

पुढे कित्येक दिवस मी तिच्या पिशवीतून सरकारी इमारतींचे जिने चढलो. मोठ्या कंपन्यांची माणसं तिथे घरच्यासारखी वावरत, शिपायाशीही त्यांची थट्टामस्करी चाले. आम्ही मात्र बाकावर. ताईला फार संकोच वाटे. "आपण काहीतरी मागायला आलोय असं वाटतं रे," ती भावाला म्हणाली. तिथेच तिच्या कानावर आलं, की एका बड्या कंपनीने अशी यंत्रं बनवायचा परवाना फक्त बड्या कंपन्यांनाच द्यावा असं सुचवलं आहे. तेव्हा ती ताठ बसली. आपण आलो नसतो, तर तिथे फक्त त्यांचंच ऐकलं गेलं असतं, हे तिला कळून चुकलं.

शेवटी मसुदा तपासणाऱ्या समितीपुढे बोलावणं आलं. काका माझ्यासह समोर बसले. काकू मागच्या रांगेत. अध्यक्षा करारी बाई होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "माझ्या आईला माझ्याच आवाजात फोन आला होता. मी अपघातात सापडलेय, असं सांगून तिला लुबाडलं. अजूनही मी फोन केला की ती आधी रडते. त्यामुळे नक्कल करणाऱ्या यंत्रांचं कौतुक मला सांगू नका."

काकांनी सावकाश अक्षरं दाबली आणि मी बोललो, "बाई, तुमच्या जागी मी असतो, तर मलाही झोप आली नसती. पण हा आवाज मी कुणाचा चोरलेला नाही. तो माझाच आहे."

एका सदस्याने विचारलं, "हे तुम्ही बोलताय की यंत्र?"

"मीच," मी काकांच्या वतीने म्हणालो. "यंत्राला एवढा राग येत नाही."

सगळे हसले. अध्यक्षा हसल्या नाहीत. त्या ताईकडे वळल्या. "हा डबा उद्या चोरीला गेला, तर चोराला यांच्या आवाजात बोलता येईल?"

भावाने टेबलाखालून ताईचा पाय दाबला. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हो," ती म्हणाली. "येईल."

भावाने पाय मागे घेतला.

"मालकाच्या बोटाशिवाय उघडणार नाही असं कुलूप बसवता येतं," ताई पुढे म्हणाली. "बोलण्याआधी एक सूर वाजेल, म्हणजे फोनवर ऐकणाऱ्याला यंत्र आहे हे कळेल."

"मग आधीच का नाही केलं?"

"आम्ही फक्त काकांचा विचार केला होता. तुमच्या आईचा विचार करायला आम्हाला इथे यावं लागलं."

अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला आणि पहिल्यांदाच काकांना काहीतरी साधं विचारलं: बाजार किती वाजता भरतो? मग बराच वेळ त्या दोघांचं बोलणं चाललं. मी बोलून बोलून तापलो.

कायदा झाला. आवाज गमावलेल्यांना सवलत मिळाली, आणि लहान कंपन्यांनाही परवाना मिळाला. मात्र कुलूप आणि सूर सक्तीचे झाले. माझ्यासारख्या जुन्या डब्यांत कुलपासाठी जागाच नव्हती. म्हणजे ज्या कायद्यासाठी मी जिने चढलो, त्याच कायद्याने मला गप्प केलं. काकांना नवा डबा मिळाला. माझ्यातला आवाज ताईने स्वतः पुसला. त्याआधी काका मला मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. काकूंनी मला नेहमीसारखं पुसलं आणि विचारलं, "याला फेकणार तर नाही ना?"

मित्रांनो, मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. तुम्ही मोठेपणी काही नवं घडवलंत, तर ते तुमच्या खोलीत राहणार नाही. ते रस्त्यावर जाईल, लोकांच्या घरात शिरेल. मग नियम करणाऱ्यांच्या दारात जायला लाजू नका. आपली बाजू मांडा. आणि अडचणीचा प्रश्न आला, तर खरं उत्तर द्या. तुमच्या वस्तूची काळजी घेण्याचाच तो भाग आहे.

आज सकाळी एक तरुण नर्स आली आहे. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन आहे. ती माझ्या कपाटासमोर बसून आवाज साठवते आहे. काय बोलावं हे न सुचून ती एकदम हसली आणि म्हणाली, "सॉरी, हे पुसून टाका."

"छे," ताई म्हणाली. "पुन्हा हसा बरं. मघाशी खाली शिवणयंत्र चालू होतं."