रुमालाखालचा भाव

"अहो, उद्या तुम्ही डोळे मिटलेत, तर पैसे कुठं ठेवलेत ते मी उंदरांना विचारू का?" बायको म्हणाली आणि परातीतल्या पिठाला तिने असा रट्टा दिला, जणू ते पीठ नव्हतं, नवराच होता.

गावात त्याला कुलूप म्हणायचे. दुधाच्या धंद्यात चाळीस वर्षं गेली, पण गाठीला किती आहे हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचा, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकाच, पण आत काय आहे ते निदान एका माणसाला ठाऊक असावं. मला नका सांगू, माझ्या पोटात राहत नाही. माझ्या भावाला सांगा. कडेवर घेऊन वाढवलाय मी त्याला. जन्म गुरांच्या बाजारात गेला त्याचा. चार पैसे वाचवील तुमचे."

बायकोचा उजवा डोळा गेलाच होता. डाव्यावर तापल्या दुधावर धरावी तशी साय धरत चालली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, "दोन महिन्यांत आलात तर दिसेल. नंतर आलात तर मला बोल लावू नका." आणि इकडे गोठा रिकामा. दूध चार दिवस थांबलं, की पाचव्या दिवशी गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात.

म्हणून कुलूप उघडलं. मेहुणा आला तेव्हा त्याला गोठ्यात नेलं, पालथ्या घमेल्यावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"बासष्ट हजार आहेत. भाकड म्हैस विकली त्याचे, आणि चार वर्षं अनवाणी चाललो त्याचे. पन्नासाची म्हैस घ्यायची. बारा तुझ्या अक्काच्या डोळ्याला. याच्यावर माझ्यापाशी फुटकी कवडी नाही."

मेहुण्याने छातीवर हात ठेवला. "दाजी, आज तुम्ही मला आपलं मानलंत. बाजारात मी नेईन त्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे चला, तुम्ही फक्त भाव करा."

कुलपाला डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखं हलकं वाटलं. एवढं सोपं होतं, तर चाळीस वर्षं आपण काय केलं?

त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हात हातात घेत, वरून रुमाल टाकत आणि बोटांनी बोलत. आधी दहा-दहा हजारांची बोटं दाबायची, मग हात झटकायचा, मग सुट्या हजारांची.

पहिली म्हैस काळीभोर, भरल्या कासेची. कुलपाने रुमालाखाली हात घातला आणि पाची बोटं दाबली. पन्नास. समोरच्याने पाची दाबली, वर एक दाबलं, हात झटकला आणि आणखी दोन दाबली.

बासष्ट.

"जनावर चांगलं आहे, म्हणून मागतोय," मेहुणा म्हणाला. "पुढं चला."

दुसरी म्हैस वयस्कर, एक शिंग मोडलेलं. पाच, एक, झटका, दोन. बासष्ट.

तिसरीच्या तर बरगड्या मोजाव्यात. कुलपाचा हात रुमालात गेला. पाच, एक, झटका, दोन.

त्याने मान वळवून मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा शेंगा सोलत होता.

"काय बघताय, दाजी? ऊन उतरलं, बाजार मोडत आला. म्हैस असली तर डोळा पुढंमागं होईल. डोळा केलात तर म्हैस कुठून आणाल?"

बोलणं खरं होतं. सुरी खरी असते तसं खरं. कुलपाने पहिली म्हैस घेतली आणि खिसा उलटा करून दिला.

घरी बायकोने म्हशीच्या पाठीवरून, कासेवरून हात फिरवला. "गुणाची आहे गं बाई! केवढ्याला?"

"पन्नासाला."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? आणा ते बारा. उद्याच जाऊ."

कुलपाने वाशाकडे पाहिलं. माहेरचं म्हणून तिला तेवढा एकच भाऊ उरलेला. डोळा तर जाणारच होता; भाऊही कशाला न्यायचा?

"खिसा कापला गर्दीत," तो म्हणाला.

ती रडली नाही. नुसती म्हणाली, "चाळीस वर्षं सांभाळलंत, आणि माझेच बारा तेवढे गेले."

आठ दिवसांनी मेहुणा आला. पायात करकरणारे नवे बूट. अक्कासाठी काळा चष्मा घेऊन आला. "डोळा कापल्यावर घालायचा, अक्का. आतापासून सवय कर."

तिने तो घातला आणि लहान पोरीसारखी हसली. "कुणाला सुचतं का हे? ऐकलंत का हो? तुमच्या हाती पैसा टिकत नाही. आजपासून दुधाचा सगळा पैसा माझ्या भावाकडे ठेवायचा. धर रे, हे पहिल्या आठवड्याचे."

मेहुण्याने उजवा हात पुढे केला. कुलपाने तो वरच्या वर धरला, खांद्यावरचा रुमाल त्याच्यावर टाकला आणि एक बोट दाबलं. हात झटकला. दोन दाबली.

बारा.

मेहुण्याचा चेहरा उतरला. त्याने डाव्या हाताने खिशातून नोटा काढून कुलपाच्या मांडीवर ठेवल्या आणि रुमालाखाली हात झटकून चार बोटं दाबली. चारच उरलेत.

राहिले आठ. कुलपाने त्याची तर्जनी मुठीत घेतली आणि सावकाश मागे नेऊ लागला. धार काढून काढून मूठ लोखंडाची झालेली. मेहुण्याचे डोळे पांढरे झाले, पण तोंडातून आवाज नाही. ओरडला असता, तर का ओरडला हे अक्काला सांगावं लागलं असतं.

"मुकाट का बसलात दोघं?" काळ्या चष्म्यातून भलतीकडेच पाहत ती म्हणाली. "बोला की मोकळेपणी. घरातलीच माणसं ना?"

कट्.

"काय वाजलं हो?"

"काडी मोडली."

"मोडलीच आहे, तर चुलीत घाला," ती म्हणाली, आणि भावासाठी दूध आणायला भिंत चाचपत आत गेली.