पाण्याने दिलेली साक्ष

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत व्यासपीठावर काचेचं भांडं ठेवलं होतं. भांड्यात स्वच्छ पाणी आणि मागे पांढऱ्या कपड्यांतले पाणीमहाराज.

"पाणी खोटं बोलत नाही!" महाराज माइकवर गरजले. "वकील खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल, सख्खा भाऊ तर बोलतोच बोलतो! हात बुडवा. निर्मळ असाल तर पाणी निर्मळ राहील. पापी असाल तर..."

पुढचं त्यांना सांगावं लागत नसे. एका रिक्षावाल्याने हात बुडवले आणि पाणी लालभडक झालं. सभागृहातून "अरे बाप रे!" असा एकच आवाज उठला आणि तो गडी तिथेच ओक्साबोक्शी रडू लागला.

रांगेच्या शेवटाला पडद्यांच्या दुकानात शिलाईकाम करणारी एक बाई उभी होती. तिचं पाणी मागेच लाल झालं होतं. आज ती नणंदेला घेऊन आली होती, किंवा खरं सांगायचं तर नणंदच तिच्या मागे लागून आली होती. नणंद शाळेत विज्ञान शिकवायची आणि जिभेने तिखट होती.

शिलाईवालीचं दुःख असं. एके दुपारी मशीनवर असताना आईचा फोन आला. "डोकं जरा दुखतंय गं." ऑर्डर अडकली होती, मालक डोक्यावर उभा होता. ती म्हणाली, "चहा घे आणि पड जरा. संध्याकाळी बोलू." ती संध्याकाळ काही आली नाही. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तेव्हापासून फोन वाजला की तो उचलायलाही ती धजत नसे. ताटातलं अर्धं अन्न तसंच राहायचं. लेक हसली तरी हिच्या मनात यायचं, आईला मारून मी इथे हसणं ऐकत बसलेय.

आणि महाराजांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. "जन्मदातीचं रक्त आहे तुझ्या हाताला. पाणी निवळेपर्यंत त्या घराचा उंबरा ओलांडू नकोस." त्या घरात आता एकटे अण्णा होते, तिचे वडील. मुळातच त्यांच्यासमोर उभं राहायचं तिला धाडस नव्हतं. महाराजांनी मनाई केली, तेव्हा तिला आतून सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून ती स्वतःला आणखी कोसत राहिली.

रांगेत एक गोडबोली सेविका प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारपूस करत होती. नणंदेजवळ येताच नणंदेने पदर डोळ्यांना लावला. "काय सांगू हो! माझ्या हलगर्जीपणाने धाकटी बहीण गेली."

सेविकेने हळहळत तिला हात पुसायला निळ्या काठाचा टॉवेल दिला. पुढच्या माणसाला मात्र साधा पांढरा मिळालेला नणंदेने पाहिला होता.

नणंदेने हात बुडवले. पाणी लाल!

"बहिणीचा तळतळाट!" महाराज कडाडले.

"महाराज, मला बहीणच नाही," नणंद माइकजवळ जाऊन म्हणाली. "चार भावांत एकटी मुलगी मी. आणि भाऊ तर चारही ठणठणीत आहेत." सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात तिने मागोमाग आलेल्या सेविकेच्या खांद्यावरचा निळ्या काठाचा टॉवेल ओढला, महाराजांचे हात धरून खसाखसा पुसले आणि पुढच्या माणसासाठी भरून ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात बुडवले.

तेही पाणी लाल झालं.

"टॉवेलला धुण्याचा सोडा लावलाय आणि पाण्यात एक बिनरंगी औषध आहे," ती लोकांकडे वळली. "सोडा लागला की ते लाल होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलं रोज करतात. कुणाला निळा टॉवेल द्यायचा, ते या बाई रांगेत तुमचं दुःख ऐकून ठरवतात!"

गोंधळ उडाला. महाराज मागच्या दाराने पसार झाले. रिक्षावाला आपल्या हातांकडे बघतच राहिला.

घरी येताना नणंद खुशीत होती. "काय वहिनी, फुटलं ना बिंग?"

"फुटलं, ताई," शिलाईवाली म्हणाली. "पाणी खोटं होतं. पण मी दोषी आहेच ना."

नणंदेचा चेहरा उतरला. हे तिच्या प्रयोगशाळेत सुटणारं नव्हतं. तिने वहिनीला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडे नेलं.

मॅडमनी ना उपदेश केला, ना गोळी दिली. प्रश्न विचारले. "आईला तुम्ही मारलंत, हे कशावरून?"

"तसं वाटतं मला. सारखं."

"वाटणं खरं आहे. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. आज जे माहीत आहे ते बाजूला ठेवा. त्या दुपारी तुम्हाला काय माहीत होतं?"

"डोकं दुखतंय, एवढंच."

"असं आधी कधी म्हणायच्या?"

"नेहमी. ऊन वाढलं की."

"तेव्हा तुम्ही काय सांगायचात?"

"चहा घे आणि पड."

"मग?"

"मग... बरं वाटायचं तिला."

असं बोलणं बऱ्याच भेटींमध्ये चाललं. मन हलकं झालं की पुन्हा जड व्हायचं. एकदा ती म्हणाली, "अण्णा तर मलाच दोष देतात."

"तसं म्हणाले?"

"नाही. पण मला माहीत आहे."

"दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचा धंदा त्या महाराजांचा. तुम्ही कधी सुरू केलात?" मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. "जाऊन विचारा. काय होईल असं वाटतं, ते आधी मला सांगून जा."

"दार लावून घेतील तोंडावर."

अण्णांनी दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण तुटलेलं. तिने बसायच्या आधीच विचारलं.

"अण्णा, मी फोन ठेवला म्हणून आई गेली, असं वाटतं ना तुम्हाला?"

"तुझा कसला फोन?" अण्णा गोंधळले. मग खाली बसले. "मी घरातच होतो गं. टीव्हीवर मॅच लावली होती, मोठ्याने. तिने हाक मारली असेल. मला ऐकूच आली नाही." त्यांनी तोंड फिरवलं. "तू यायची थांबलीस. म्हटलं, पोरीला कळलंय. तोंड बघायचं नाही तिला माझं."

ती त्यांच्या पायाशी बसली आणि दोघं खूप वेळ रडली.

आईच्या मरणाची अपराधी ती नव्हती, अण्णाही नव्हते. म्हाताऱ्या बापाला एकटं टाकलं, ही चूक मात्र खरी होती. ती तिने कुणावर ढकलली नाही. पण खऱ्या चुकीची एक सोय असते. ती दुरुस्त करता येते. तिने उठून अण्णांच्या सदऱ्याला बटण लावलं आणि रात्रीच्या जेवणाला त्यांना घरी घेऊन गेली.

ढोंगी बाबाला प्रश्न विचारायला धीर लागतो. आपल्याच मनाला "हे कशावरून?" विचारायला त्याहून जास्त लागतो. तो एकट्याने होत नसेल, तर जाणत्या माणसाची मदत घ्यावी. त्यात लाज कसली? आणि कुणी आपल्याला दोष देतं असं मन सांगत असेल, तर त्या माणसालाच जाऊन विचारावं. तो उत्तर द्यायला आहे तोवर.