वास गेलेला महिना

"मागे वळून बघायचं नाही हं!" मास्तरीणबाईंनी स्वयंपाकघरातून बजावलं.

"नाही बघत. तू घड्याळ बघ. चार मिनिटं म्हणजे चारच," खिडकीकडे तोंड करून बसलेले त्यांचे यजमान म्हणाले.

यजमान चहाच्या कंपनीत टेस्टर होते. दिवसाला दोनशे कप. घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा, पुढचा कप. त्यांनी मान हलवली की माल गाडीत चढे, नाक मुरडलं की परत जाई. सगळे त्यांना जीभसाहेब म्हणत. एका घोटात त्यांनी सांगितलं होतं, ही पेटी साबणाशेजारी ठेवलेली होती म्हणून, आणि गोदामवाल्याने कानाला हात लावला होता. बाईंना त्या जिभेचा भारी अभिमान. तोंडावर मात्र म्हणायच्या, "माझ्या भाजीला कधी चांगलं म्हणायला वळली नाही ती!"

पण महिन्यापूर्वीच्या सर्दीने घात केला. ती गेली ती वास घेऊनच गेली. तेव्हापासून साहेब नुसत्या रंगावर आणि अनुभवावर वेळ मारून नेत होते. उद्या वर्षातल्या सगळ्यात उंची मालावर सही करायची होती, म्हणून आज त्यांनी दोन डबे घरी आणले. एकात डोंगरावरचा चहा, दुसऱ्यात रोजचा. ओळखता आला तरच उद्या सही.

बाईंनी रोजचा केला, रंग दिसू नये म्हणून स्टीलच्या पेल्यात ओतला आणि साहेबांना डोळे मिटायला लावले. त्यांनी जोरात भुरका मारला. मग दुसरा.

"डोंगरावरचा," ते म्हणाले आणि डोळे उघडून बाईंच्या चेहऱ्याकडे बघू लागले.

उत्तर येत नसलं की बाईंचा चेहरा वाचणारी मुलं त्यांनी तीस वर्षं पाहिली होती. बाईंनी पटकन मान डोलावली.

"अगदी बरोबर!"

साहेब उठले, स्वयंपाकघरात गेले. किटलीतली ओली पानं तळहातावर घेऊन दिव्याखाली धरली. डोळे अजून शाबूत होते.

"इतकी वर्षं शाळेत काढलीस," ते म्हणाले, "पण खोटं बोलायला काही शिकली नाहीस."

"अहो, रिटायर व्हायला वर्षभरच तर राहिलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे गं. चहा लोकांच्या घरात जातो."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मालकांना फोन लावला. "उद्या माझी सही धरू नका. मला वास येत नाही. महिना झाला... हो, चूक माझीच. या महिन्यात मी पास केलेलं सगळं माझ्या हाताखालच्या पोरीकडून पुन्हा चाखून घ्या. तिची जीभ चांगली आहे, मीच तयार केलीय."

बाई दाराला टेकून ऐकत होत्या. जिभेचा अभिमान त्यांना कायमच होता. आज त्यांना या माणसाचा वाटला, आणि तो त्याहून मोठा होता.

त्यांनी डोंगरावरचा डबा उघडला. नवं पाणी ठेवलं, चांगले कप काढले. दोघं खिडकीशी बसली. बाहेर अजून उजेड होता. साहेबांनी घोट घेतला आणि गिळला.

"कसा झालाय?"

"गरम आहे."

या घरात असल्या चहात साखर घालणं म्हणजे गुन्हाच. तरी बाईंनी भीतभीत विचारलं, "साखर घालू थोडी?"

साहेबांनी कप पुढे सरकवला.

"घाल. गोड कळतं मला अजून."

बाईंनी दोन चमचे घातले. मग स्वतःच्या कपातही घातले.