चार कोपरे

"मास्तर, थैली थांबवा. माझं कार्ड परत द्या," म्हणत राजाबाई कन्नडच्या पोस्टात शिरली, तेव्हा टपालाची एसटी औरंगाबादच्या वाटेला लागलीसुद्धा होती.

बांगलादेशच्या लढाईचं ते वर्ष. राजाबाईचा मुंजाबा सरहद्दीवर होता. दर बाजाराच्या दिवशी ती पोस्टमास्तर बद्रीनाथांकडून त्याला धीराचं कार्ड लिहून घ्यायची. या खेपेला ते पेटीत टाकायचं काम तिने नवऱ्यावर सोपवलं. केरबा शेळ्या चारता चारता कार्ड न्याहाळत बसला, त्याचा डोळा लागला आणि शेळीने कोपरा खाल्ला. एका घासाने काय होतंय म्हणून त्या भोळ्या माणसाने ते तसंच पेटीत टाकलं आणि घरी येऊन बायकोला सहज सांगितलं.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं. ते हातात पडलं की मजकूर वाचण्याआधीच माणूस मटकन खाली बसतो.

"दुसरं लिवा," राजाबाई म्हणाली. "कोपरा शेळीनं खाल्ला म्हणावं. समदे जित्ते हायेत. एकेकाचं नाव घाला."

"शेळीचंही?"

"तिचं आधी घाला. तिनंच केलंय ना."

बद्रीनाथांनी हसू दाबत लिहिलं. काही दिवसांनी मुंजाबाचं उत्तर आलं. पहिलं कार्ड वाचायची त्याची हिंमतच झाली नव्हती. ते खिशात ठेवून त्याने दोन दिवस पहारा दिला, घास घशाखाली उतरला नाही. दुसरं आलं तेव्हा सगळा तंबू हसला म्हणे. राजाबाईला मात्र लेकाचे ते दोन दिवस जिव्हारी लागले. केरबाने तर धसकाच घेतला. तेव्हापासून चारही कोपरे बोटाने चाचपल्याशिवाय त्याने एकही कार्ड पेटीत टाकलं नाही.

थंडी सरता सरता केरबा तापाने गेला. लढाई थांबली होती, पण मुंजाबाची पलटण अजून तिकडेच होती. दहावं-तेरावं उरकून राजाबाई पोस्टात आली. बद्रीनाथांनी कार्ड काढलं आणि कोपऱ्याला हात घातला.

"फाडू नका, मास्तर."

"राजाबाई, रीत आहे. आज ना उद्या त्याला कळवायला तर लागेलच."

"खोटं लिवा म्हणत नाय मी. समदं लिवा. पण आधी इचारा, जेवलास का. शेळी व्याली ते लिवा. मंग शेवटाला बापाचं लिवा. पोरगं तिथं एकलं हाय. तेवढं वाचेस्तोवर तरी त्याला बाप असू द्या."

बद्रीनाथ लिहू लागले. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा हात थांबला. राजाबाईने घाई केली नाही.

शाई वाळल्यावर कार्ड घेऊन ती पेटीपाशी गेली. केरबासारखंच तिने एकेक करून चारही कोपरे बोटाने चाचपले आणि मग कार्ड आत सोडलं.