लॉकच्या बटणाचं मयत

ताओंगा जेरे बाशि कसोंदेंच्या कारखान्यात कामाला लागली, तेव्हा लुसाका शहरात लोडशेडिंगने नुसता वैताग आणला होता. लाइट जाताना वेळेवर जायची, पण परत कधी उगवेल ते तिचं तिलाच ठाऊक. मातेरो वस्तीतल्या सुतारगल्लीत लाइट आली रे आली की लोक मोठ्याने आरोळ्या ठोकत, आणि पुढच्याच क्षणी सगळ्या करवती, रंधे, सँडर एकदम किंचाळायला लागत. आहे तोवर उरकून घ्या, एवढंच जो तो जाणे.

ताओंगाला ही पळापळ पटत नसे. लाकूड घासून गुळगुळीत करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि बोटं सगळी जागच्या जागी होती. पहिल्या दिवशी तिने बांगड्या उतरवून पिशवीत टाकल्या, कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाचं लोंबतं टोक घट्ट खोचलं, डोक्याच्या फडक्याची गाठ आत दडवली, डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर रबरी मास्क चढवला.

"घासायला चाललीस की बँक लुटायला?" ब्वाल्याने विचारलं. हा बाशि कसोंदेंचा भाचा, तिशीतला गडी, आडदांड आणि तोंडाळ.

"मुक्वा लाकडाचा भुसा आठवडाभर छातीत बसला ना, की येशील मास्क मागायला. तेव्हा देणार नाही," ताओंगा मास्क खाली ओढून म्हणाली.

"तुम्ही न्गोनी लोक उंदीर खाऊन खाऊन उंदरासारखेच भित्रे झालात."

"उंदीर बीळ बघून पळतो. तुम्हा बेम्बांचं ते माकड, ज्याचं तुम्ही कालवण करता, ते फांदी न बघताच उडी मारतं. म्हणून तर तुमच्या टोपात येतं."

आतून बाशि कसोंदे खो खो हसले. साठीचे, पोट सुटलेले, हाताला जादू असलेले सुतार. खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. थोरला मुलगा कसोंदे, म्हणून हे बाशि कसोंदे, कसोंदेचे वडील. बेम्बा आणि न्गोनी या दोन जमाती एके काळी एकमेकांशी लढल्या, आणि लढाई मिटली ती एकमेकांची टर उडवायचा हक्क मागे ठेवून. न्गोनीने बेम्बाला काहीही बोलावं, बेम्बाने ते हसून झेलावं, आणि उलटही तसंच. वयाचा, मानाचा मुलाहिजा तिथे आड येत नाही.

ताओंगाचा एक नियम मात्र थट्टेतला नव्हता. "लाइट गेली की आधी बोर्डातली पिन काढायची, मग शिवी द्यायची," ती सगळ्यांना सांगे.

"मेलेल्या मशीनला पुन्हा कशाला मारायचं?" बाशि कसोंदे म्हणत. "आम्ही चाळीस वर्षं काय झोपा काढल्या? तू तुझी पिन काढ, बाई. मला मोकळं सोड."

त्या महिन्यात एक मोठं काम आलं. नामुकोलो नावाच्या मुख्याध्यापिकेला घरच्या पंगतीसाठी लांबलचक टेबल हवं होतं. बाशि कसोंदेंनी मुक्वाच्या सुरेख फळ्या जोडून माथा तयार केला आणि लाकडी घोड्यांवर शिकंज्यांनी आवळून ठेवला. शनिवारी बाई टेबल न्यायला येणार होत्या. गुरुवारी सकाळी ताओंगा आणि ब्वाल्या पायांसाठी लाकूड आणायला वखारीत गेले, आणि माथ्यावर सँडर, म्हणजे खरखरीत पट्टा फिरवून लाकूड घासणारं मशीन, चालवत बाशि कसोंदे एकटेच कारखान्यात राहिले.

वखारीत असतानाच लाइट गेली. दोघं खांद्यावर लाकूड घेऊन परत आले, तर बाशि कसोंदे समोरच्या मका भाजणारीपाशी उभे राहून कणसं उलटसुलट करत होते. ब्वाल्याने ओझं उतरवलं, आत जाऊन टेबलाच्या पलीकडच्या टोकाला कोपर टेकवलं आणि घाम पुसला. ताओंगा दारातच लाकूड भिंतीला लावत होती.

तेवढ्यात गल्लीतून आरोळी उठली. लाइट आली होती.

टेबलाच्या अलीकडच्या टोकाला ठेवलेला सँडर आपोआप घरघरला. त्याचा खटका दाबलेला होता आणि वर तो दाबलेलाच ठेवणारं लॉकचं बटणही बसलेलं होतं. फिरत्या पट्ट्याने लाकूड पकडलं आणि मशीन सुटलेल्या वासरासारखं टेबलावरून थेट ब्वाल्याकडे धावलं.

"हात काढ!" ताओंगा ओरडली. मशीनच्या मागे पळायचा विचारही तिच्या मनात आला नाही. बोर्ड दाराशेजारीच होता. तिने लाकूड टाकलं आणि पिन हिसकून काढली.

तोवर वायरच्या हिसक्याने सँडर माथ्यावर तिरका वळला होता, ब्वाल्याच्या हाताला घासून खाली उलथा पडला होता. पट्टा गरगर फिरून थांबला. ब्वाल्याच्या मनगटापासून कोपराकडे कातडी सोलवटून निघाली होती. तो हाताकडे बघतच राहिला. ताओंगाने त्याला खाली बसवलं, बादलीतलं स्वच्छ पाणी भडाभडा ओतलं आणि धुतलेलं फडकं गुंडाळलं. "बोटं हलव. हलतात ना? मग रडायचं कारण नाही. टाके पडणार नाहीत, पण दवाखान्यात जायचंच."

बाशि कसोंदे हातातलं कणीस तसंच धरून धावत आले. त्यांना टेबलाच्या मधोमध पडलेला तिरका चर दिसला, आणि मग भाचा.

"मशीन चालू ठेवून कुठे गेला होतास रे, गाढवा?" ते कडाडले. "त्या बाईंना आता काय तोंड दाखवू? किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

ब्वाल्याने मान खाली घातली. मामासमोर, तेही सगळ्या गल्लीच्या देखत, तो काय बोलणार? दाराशी जमलेल्यांनाही कळत होतं की हे दोघं वखारीत होते. पण बुजुर्गाला तोंडावर कोण सांगणार?

ताओंगाला सांगता येत होतं. तिने गर्दीवरून एकदा नजर फिरवली, चितेंगेचं टोक पदरासारखं डोक्यावरून ओढलं आणि त्या उलथ्या सँडरपाशी बसकण मारून गळा काढला.

"अयाई गं! गेलं गं, बेम्बांचं लॉकचं बटण गेलं! किती गुणाचं होतं! मालकाचा अंगठा दुखू नये म्हणून एकटं जागं राहायचं!"

दारातून पहिला हशा फुटला. मयताच्या घरी जाऊन मेलेल्याची नक्कल करायची, सोयऱ्यांना रडता रडता हसवायचं, हा थट्टेच्या नात्यातल्या माणसाचा मानच असतो. ताओंगा उठली. पोट पुढे काढलं, सँडर अलगद टेबलावर ठेवल्याचं सोंग केलं, हात झटकले, पिनकडे एक तुच्छ कटाक्ष टाकला आणि डुलत डुलत मका भाजणारीकडे निघाली. "मेलेल्याला पुन्हा कशाला मारायचं? दे गं, ते कोवळ्या दाण्यांचं दे!"

"अस्संच म्हणाले!" मका भाजणारी किंचाळली, आणि गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली.

हसले नाहीत ते फक्त बाशि कसोंदे. त्यांनी हातातल्या कणसाकडे पाहिलं, मग ब्वाल्याच्या फडक्यावर उमटलेल्या रक्ताकडे. चेहरा उतरला. ताओंगा शांतपणे समोर उभी राहिली. आपण हद्दीत आहोत हे तिला माहीत होतं, आणि त्यांनाही.

"दंड बोल, न्गोनी," ते अखेर म्हणाले.

"सगळ्यांना पुरेल असा कोंबडा. ते लॉकचं बटण मी आत्ता काढणार. आणि लाइट गेली की पिन. मालक असो की मालकाचा बाप."

"बापाला कशाला मध्ये आणतेस? कबूल." मग ते भाच्याजवळ उकिडवे बसले. "मीच ठेवलं होतं ते, बाळा. घाबरलो, आणि तुझ्यावर ओरडलो." आणि त्याला आधार देऊन स्वतः दवाखान्यात घेऊन गेले.

चराचं काम ताओंगाकडे राहिलं. पुट्टी भरून तो लपला नसता. बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखला असता. अख्खा माथाच चराच्या खोलीपर्यंत उतरवायचा, असं तिने ठरवलं. पिन काढून ठेवून तिने लॉकचं बटण उपसलं, नवा पट्टा चढवला, बाणाची दिशा पाहिली, भुशाची पिशवी रिकामी केली, शिकंजे पुन्हा आवळले. वायर खांद्यावरून मागे टाकून पिन लावली. दोन्ही मुठी धरून मशीन आधी हवेत चालू केलं, पूर्ण वेगात येऊ दिलं आणि मगच लाकडावर उतरवलं. दाब दिला नाही. मशीनचं वजन पुरेसं होतं. लाकडाच्या रेषेने पुढे, रेषेने मागे, कुठेही न थांबता. हातांत मुंग्या आल्या की ती मशीन उचलून बंद करी, पट्टा थांबेपर्यंत धरून राही, आणि मगच खाली ठेवी. शुक्रवारी संध्याकाळी तिने तळवा फिरवला. चर हाताला लागेना.

शनिवारी नामुकोलोबाई आल्या तेव्हा ताओंगाने त्यांना आधीच सांगून टाकलं. "माथा ठरल्यापेक्षा थोडा पातळ आहे. आमच्या हातून मशीन सुटलं होतं. नको असेल तर दुसरा करू, पण महिना लागेल."

बाईंनी वाकून कड पाहिली, टेबलावर कोपरं रोवून अंग टाकलं. टेबल हललं नाही. "माझे सगळे दीर यावर बसणार आहेत. त्यांना पेलेल?"

"दीर नाचले तरी पेलेल."

"ते नाचतातच," बाई म्हणाल्या, आणि टेबल ट्रकवर चढवायला सांगितलं.

रविवारी चर्च सुटल्यावर बाशि कसोंदेंच्या अंगणात दंडाचा कोंबडा शिजला. न्शिमाच्या, मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाच्या, वाफाळत्या उंड्यांभोवती सगळे बसले. ब्वाल्या पट्टी बांधलेला हात सांभाळत डाव्या हाताने कसाबसा घास तोडत होता. कोंबड्याचा पेटा, पोटातला तो चिवट मांसल तुकडा, हा घरच्या कर्त्या पुरुषाचा मान. त्याला दुसऱ्या कुणी हात लावत नाही. बाशि कसोंदेंनी तो बशीतून उचलला, क्षणभर धरला आणि ताओंगाच्या ताटात ठेवला.

माना उंचावून सगळे तिच्या ताटाकडे बघू लागले.

"मामा, एका उंदीरखाऊ बाईला पेटा?" ब्वाल्याने कळवळून विचारलं. "निदान अर्धा तरी मला! हात माझा सोलला!"

"म्हणून तर मऊ मऊ मांडी दिलीय तुला," ताओंगा म्हणाली. तिने पेटा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि कुणालाही न देता सगळा खाल्ला.