बाहेरचं पाणी

मेव्हणीचा फोन आला तेव्हा तो एका इमारतीच्या गच्चीवर टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

"भाऊजी, लवकर या. ताईला ताप होता ना, उलट्या करून पडलीय. हाक मारली तरी उठत नाहीये."

पाना तिथेच टाकून तो निघाला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या हातांना अजून शेवाळाचा वास येत होता.

पंप दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि बायकोची शेवटची काही सांधेदुखीत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि ती पुन्हा स्वतःच्या हाताने डब्याचं झाकण उघडू लागली. पण त्याच गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झाला. त्याने तिचं नाव ठेवलं पौर्णिमा.

"काय पौर्णिमाबाई, चहा मिळेल का?"

"मिळेल की. अमावास्येसारखं तोंड करून मागू नका म्हणजे झालं."

घरात हे खपून जायचं. पण मेव्हणीच्या नव्या घरी सगळे फोटोला उभे राहिले तेव्हा तो म्हणाला, "तू मागच्या रांगेत जा बाई. पुढे आलीस तर पौर्णिमेच्या उजेडात आम्ही कोणी दिसायचो नाही." सगळे हसले. तीही हसली आणि मागे गेली.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून त्याने तिचा शिवणाचा डबा उघडला. रिळांखाली गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. गोळी घेतली की पट्टीवर पेनाने तारीख घालायची तिची सवय होती. शेवटची तारीख त्या फोटोच्या रविवारची. पुढचे नऊ दिवस, ती जाईपर्यंतचे, कोरे.

पट्टी खिशात घालून तो डॉक्टरबाईंकडे गेला. "या गोळ्या एकदम बंद केल्या तर काय होतं?"

बाईंनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि प्रत्येकावर एक छोटी टोपी. "ही ग्रंथी. शरीरातल्या कोलेस्टेरॉलपासून ती स्वतःच असं औषध बनवते, मेंदूकडून हुकूम आला की. ते रक्तातून जातं, पेशीच्या आत शिरतं आणि तिला काय बनवायचं ते सांगतं. रक्तदाब, साखर, आजाराला तोंड देणं, सगळं त्यावर चालतं. पण तेच बाहेरून मिळत राहिलं की मेंदू हुकूम देणं थांबवतो. ग्रंथी बसून बसून आकसते. मग बाहेरचं अचानक तोडलं, त्यात ताप आला, तर..." त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणून मी चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलं होतं, आपल्या मनाने बंद करू नका. बंद केल्या होत्या का त्यांनी?"

"नाही, नाही. सहज विचारलं," तो म्हणाला.

त्याला चित्राची गरजच नव्हती. टँकरचं पाणी घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बजावत आला होता, "घरची मोटर रोज पाच मिनिटं तरी फिरवा. नाहीतर टँकर यायचा बंद होईल त्या दिवशी ती जाम निघेल." गावभर शहाणपण वाटत फिरला, आणि घरात?

दहाव्या दिवशी मुलीने अर्ज लिहून आणला. स्टेरॉइड देऊन त्या बाईनेच आईला मारलं, असं त्यात होतं. दवाखान्याच्या वरिष्ठांकडे जायचा होता.

"बाबा, इथे सही करा."

"चष्मा सापडत नाहीये गं."

"डोक्यावर आहे."

त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि अर्ज दोनदा वाचला. "उद्या करतो," म्हणाला.

त्याला तीन आठवडे झाले. मुलगी रोज फोन करते. डॉक्टरबाईंचं नाव घेताना तिचा आवाज चिरकतो. अर्ज टेबलावर आहे, पट्टी त्याच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांखाली. सही झालेली नाही. अर्ज फाडलेलाही नाही. फोटोच्या दिवशी तो काय बोलला, ते त्याने मुलीला अजून सांगितलेलं नाही.