अकरा कोरे बिल्ले

सलग आठव्या महिन्यात काळेवाडीचे अकराच्या अकरा बिल्ले कोरे निघाले, तेव्हा जिनिव्हाच्या कचेरीत लोकांनी कुसुमताईंचं अभिनंदन केलं. आपल्या देशातलं केंद्र सगळ्यांत पुढे, म्हणजे अभिमानाचीच गोष्ट.

कुसुमताई गावडे मूळच्या चिंचवडच्या, शाळामास्तरांची मुलगी. पुण्यात पदार्थविज्ञान शिकल्या, लंडनला जाऊन डॉक्टरेट केली आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या प्रमुख झाल्या. किरणांच्या माऱ्यापासून कामगारांना वाचवायचं, हे त्या कार्यक्रमाचं काम. चौदा देशांतले कारखाने आणि इस्पितळं त्यात होती. कामगाराच्या छातीवर फिल्मचा लहानसा बिल्ला लावायचा, महिन्याने ती फिल्म जिनिव्हाला मागवून धुवायची. फिल्म जितकी काळी, तितका मारा जास्त.

काळेवाडीचा कारखाना उद्धवराव नावाच्या माणसाचा होता. महायुद्धाच्या काळातली जुनी यंत्रं ते लिलावात घ्यायचे आणि त्यांच्या तबकड्यांवरचे आकडे नव्याने रंगवून विकायचे. ते आकडे अंधारात चमकायचे, कारण त्या रंगात रेडियम असायचं. अकरा बायका हे काम करत. वार्षिक अहवालात या कारखान्याला ‘आदर्श’ म्हणणारं वाक्य कुसुमताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर त्यांनी फिल्मच्या पट्ट्या खिडकीशी धरून पुन्हा पाहिल्या. रेडियमच्या बाटलीपासून हातभर अंतरावर आठ-आठ तास बसणाऱ्या बाईची फिल्म इतकी स्वच्छ राहीलच कशी? काळजी घेतली तर मारा कमी होतो, नाहीसा होत नाही. हे त्या स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या, आणि आठ महिने अभिनंदनं घेत बसल्या होत्या. पहिला राग आला तो स्वतःचाच.

पुढच्याच महिन्यात, म्हणजे एकोणीसशे एकोणसाठच्या जानेवारीत, पुण्यात परिषद भरायची होती. नऊ देशांचे पाहुणे येणार होते आणि शुक्रवारी त्यांना काळेवाडीचा आदर्श कारखाना दाखवायचा होता. कुसुमताई बुधवारीच, कुणाला न कळवता, जीप घेऊन कारखान्यावर गेल्या.

ज्वारीच्या शेताला लागून दोन पत्र्याच्या शेड होत्या. आत बायका ओळीने पाटावर बसलेल्या. अर्ध्याजणी चाकूने जुना रंग खरवडत होत्या. त्याची पिवळसर भुकटी लुगड्यावर, हातांवर, पाण्याच्या तांब्यावर बसली होती. बाकीच्या बारीक ब्रशने आकडे काढत होत्या. छातीवर बिल्ला एकीच्याही नव्हता. कुसुमताई काही विचारणार, तेवढ्यात समोरच्या प्रौढ बाईने ब्रश रंगात बुडवला, आकडा काढला, मग ब्रशचं टोक ओठांत धरून ओढलं, त्याला सुईसारखं केलं आणि पुन्हा रंगात बुडवलं.

कुसुमताईंनी पुढे होऊन तिचा हात धरला. असं किती वेळा करता, म्हणून विचारलं.

“आकड्यागणिक,” ती म्हणाली. “त्याबिगर रेघ बारीक येत न्हाई. ह्या समद्या पोरींना म्याच शिकवलंय.”

बाईचं नाव छबूबाई. काळेवाडीचीच. चार वर्षांपासून ती इथे होती, सगळ्यांत जुनी. बोलताना ती पदर तोंडावर धरायची. कुसुमताईंनी विनंती केली तेव्हा तिने तो बाजूला केला. सहा महिन्यांपूर्वी दोन दाढा काढल्या होत्या, ती जखम भरलेलीच नव्हती. आतलं हाड उघडं दिसत होतं. कुसुमताईंनी जीपमधून किरण मोजायचं यंत्र आणलं आणि तिच्या गालाजवळ धरलं. यंत्र टकटकू लागलं. रंगापासून दूर, शेडबाहेर, शेताच्या बांधावर नेऊन पुन्हा धरलं, तरी ते थांबेना. छबूबाईच्या जबड्यातूनच किरण येत होते.

कुसुमताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशाच त्या उद्धवरावांच्या खोलीत शिरल्या आणि बिल्ले कुठे आहेत, एवढंच त्यांनी विचारलं. उद्धवराव मुळीच गडबडले नाहीत. त्यांनी लोखंडी कपाट उघडून बिस्किटांचा डबा काढला. आत अकरा बिल्ले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. बायका वस्तू हरवतात, पाण्यात भिजवतात, म्हणून जपून ठेवले, असं त्यांनी सांगितलं. तपासणीला साहेब येणार असला की सकाळी ते बायकांना लावायचे.

“तुमच्याच कागदात लिहिलंय, बिल्ले नीट सांभाळा म्हणून,” उद्धवराव म्हणाले. “एक तरी हरवला का, सांगा बाईसाहेब.”

डबा उचलून भिंतीवर आपटावा, असं कुसुमताईंना वाटलं. त्यांनी तो काखेत मारला आणि शेडमध्ये परत येऊन बायकांसमोर ठेवला. ब्रश तोंडात घालू नका, ही भुकटी विषारी आहे, ती हाडांत जाऊन बसते, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मग बिल्ला कसा काम करतो आणि तुमच्या मालकाने तुम्हाला कसं फसवलं, हेही सांगितलं. छबूबाईने एक बिल्ला उचलून उलटसुलट पाहिला.

“ह्यो छातीवर लावला असता, तर माजा जबडा वाचला असता का?”

कुसुमताईंना खोटं बोलता येईना. “नाही,” त्या म्हणाल्या. “बाहेरून येणारा मारा तेवढा यात कळतो. तोंडातून पोटात गेलेलं यात कळत नाही.”

“मग तुमी आमाला ह्यो दिला कशापायी?”

कारखान्यांना पाठवायच्या तक्त्यात सव्वीस प्रश्न होते. भिंतीची जाडी किती, बाटलीचं झाकण कशाचं, खिडक्या किती. ब्रशला टोक कसं काढता, हा प्रश्न त्यात नव्हता. घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या परदेशी मुलींचे जबडे तीस वर्षांपूर्वी असेच सडले होते. कुसुमताईंनी ते पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. तक्ता मात्र एक्स-रेच्या खोल्या आणि प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून केला होता, जिनिव्हाला तळ्याकाठच्या कचेरीत बसून. उद्धवराव लबाड होते, पण त्यांनी बिल्ले रोज लावायला दिले असते तरी छबूबाईचा जबडा असाच सडला असता.

संध्याकाळी पुण्यात अर्जुनराव भेटले. परिषदेची सगळी व्यवस्था पाहणारे हे सरकारी अधिकारी, माणूस सज्जन. सगळं ऐकून ते हबकले. मग हळूहळू म्हणू लागले की शुक्रवारची भेट रद्द करू, रस्ता खराब आहे म्हणून सांगू. उद्धवरावांवर कारवाई नंतर होईलच. पाहुण्यांसमोर देशाची शोभा कशाला करायची? कुसुमताईंनी रात्रीच जिनिव्हाला कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिकडून तार आली, तिचाही सूर तोच: दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अहवालात पुरवणीत द्यावी.

कुसुमताईंनी ती तार अर्जुनरावांच्या टेबलावर ठेवली. “पुढच्या वर्षापर्यंत त्या बाईला तोंड उरणार आहे का?” त्यांनी विचारलं. “उद्या पाहुण्यांची बस नेमलेल्या वेळीच निघेल. तुम्ही थांबवलीत, तर मी इथेच सभागृहात उभी राहून सगळं सांगेन.”

अर्जुनराव अखेर बस सोडायला तयार झाले. त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, कुसुमताई छबूबाईच्या घरी गेल्या. उद्या लोकांसमोर बोलाल का, नाही म्हणालात तरी चालेल, मी एकटी बोलेन, असं त्यांनी सांगितलं. कारखाना न बघताच आपण त्याला ‘आदर्श’ लिहिलं, हेही कबूल केलं. छबूबाई चुलीपुढे बसली होती. घास चावता येत नव्हता म्हणून कण्यांची पेज करून घेत होती. ती म्हणाली, मीच बोलेन, तुम्ही नुसतं त्यांच्या भाषेत सांगा, आणि त्यात तुमचं काही घालू नका.

शुक्रवारी शेड ओळखू येत नव्हती. जमीन सारवलेली, बायकांच्या अंगावर कोरे पांढरे कपडे, आणि पाहुण्यांसमोर कुणी तोंड उघडणार नाही या भरवशावर उद्धवराव हातात हारांची परडी घेऊन उभे. बुधवारचा डबा कुसुमताईंकडेच होता, पण पुढच्या महिन्याचे बिल्ले कारखान्यात येऊन पडले होते. ते आज प्रत्येकीच्या छातीवर चमकत होते. पाहुणे आत आले, माना डोलावू लागले. तेव्हा छबूबाई उठली. तिने छातीवरचा बिल्ला काढून पाटावर ठेवला.

“ह्यो आज सकाळी लावलाय. तुमी गेला की कपाटात जाईल,” ती म्हणाली.

मग तिने कोरडा ब्रश घेतला, ओठांत धरून ओढला आणि चार वर्षं दिवसातून किती वेळा हे केलं ते सांगितलं. पदर बाजूला करून तोंड उघडलं. कुसुमताई एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होत्या. त्यांनी एक शब्द गाळला नाही. शेवटी छबूबाई त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, या बाईंनी आम्हाला आदर्श म्हणून लिहिलं होतं, हेही त्यांना सांगा. कुसुमताईंनी तेही सांगितलं. उद्धवराव काहीतरी समजावू पाहत होते, पण त्यांच्याकडे कुणी वळलंच नाही. एक पाहुणा बाहेर जाऊन बांधावर बसला.

आठ दिवसांत कारखान्याला सील लागलं. बायकांचं काम गेलं. त्यांतल्या तिघीचौघी मराठवाड्यातून पोट भरायला आलेल्या होत्या. त्यांनी कुसुमताईंना गाठून तोंडावर शिव्या घातल्या. कुसुमताई ऐकून घेत राहिल्या. अकराजणींची पुण्याच्या इस्पितळात तपासणी झाली. पाचजणींच्या हाडांत रेडियम सापडलं. छबूबाईच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला.

मे महिन्यात जिनिव्हाने कुसुमताईंना प्रमुखपदावरून काढलं आणि सल्लागार व्हा म्हणून कळवलं. जाण्याआधी त्यांनी नवा तक्ता स्वतः लिहून, स्वतः छापून घेऊन चौदा देशांना रवाना केला. पहिला प्रश्न ब्रशचा होता. सोबत नियम होता की बिल्ला कामगाराच्याच ताब्यात राहील आणि निकाल आधी त्याला सांगितला जाईल. सल्लागाराची जागा त्यांनी नाकारली आणि त्या पुण्याला परतल्या.

दिवाळीनंतर कळलं की उद्धवरावांनी मेहुण्याच्या नावावर चाकणला नवी शेड टाकली आहे. काम तेच, बायका नव्या. कुसुमताईंनी दोन अर्ज केले, दोन्हींवर चौकशी चालू असल्याची उत्तरं आली. मग त्या स्वतः जायला निघाल्या, तर छबूबाई जबड्याभोवती फडकं गुंडाळून जीपमध्ये येऊन बसली. तिचं बोलणं आता अर्धंच कळायचं.

“तुमी लई चांगलं केलं, असं मी म्हणणार न्हाई,” ती वाटेत म्हणाली. “लिहायच्या आधी एकदा येऊन बघायचं हुतं.”

“हो,” कुसुमताई म्हणाल्या. “यायला हवं होतं.”

चाकणच्या शेडच्या दारात उद्धवरावांचा माणूस उभा होता. कुसुमताईंना त्याने ओळखलं आणि दोन्ही हात आडवे केले. कुसुमताईंचा आवाज चढला, दोघांची चांगलीच जुंपली. छबूबाई मात्र डोक्यावर पदर घेऊन मागच्या दाराने आत गेली. कामावर आलेली बाई समजून तिला कुणी अडवलं नाही. आत ती ओळीच्या पुढे बसली आणि तिने फडकं सोडलं.

थोड्या वेळाने सहा बायका हात झटकत बाहेर आल्या. चारजणी आतच बसून राहिल्या. छबूबाई त्यांच्यापाशी आणखी तासभर थांबली, आणि कुसुमताई दारातल्या माणसाशी भांडत उभ्या राहिल्या.